पहिल्या परिचारिकेचें नगर

शिक्षण संपल्यावर चाकरीसाठीं कोणतें नगर निवडावें, हा प्रश्न एकट्या स्त्रीस सोपा नसतो. लिंडा रिचर्ड्स हिजपुढें तो १८७३ सालीं उभा राहिला. बॉस्टन येथील स्त्रियांच्या व मुलांच्या रुग्णालयांत शिकून ती त्या वर्षीं बाहेर पडली. अमेरिकेंतील पहिली शिक्षित परिचारिका म्हणून तिचें नांव घेतलें जातें.

तिनें परिचित बॉस्टन सोडून न्यूयॉर्क पत्करलें. तेथील बेलव्ह्यू या विशाल रुग्णालयांत त्याच वर्षीं नाइटिंगेलबाईंच्या पद्धतीचें परिचारिका-विद्यालय निघालें होतें. रात्रीची देखरेख तिच्याकडे आली. रुग्णाची हकीकत तोंडी सांगण्याचा प्रघात मोडून ती लिहून ठेवण्याची चाल तिनें तेथेंच पाडली.

१८७४ सालीं बॉस्टनच्या मॅसाच्युसेट्स जनरल रुग्णालयांतील नव्या विद्यालयाचें बोलावणें आलें. शिकलेल्या परिचारिकांविषयीं तेथील कित्येक डॉक्टर साशंक होते, म्हणजे अपयशाचा धोका उघड होता. तरी ती गेली आणि विद्यालय टिकलें. पुढें १८८६ सालीं तिनें जपानांतील क्योटो गांठलें व तेथें परिचारिकांना शिकविलें.

या तिन्ही निवडींत एकच सूत्र दिसतें: जेथें शिकावयास अथवा शिकवावयास अधिक, तेंच नगर आपलें मानावें.