नाव एक, पोटात दुसरेच

मंडळी, नदीत दबा धरून बसलेल्या मगरीचे पाण्यावर काय दिसते? दोन डोळे आणि नाकाचा शेंडा. आता असा एक प्राणी डोळ्यांसमोर आणा, की सारे अंग मगरीचे, पण नाकपुड्या तोंडाच्या टोकाला नसून वर, डोळ्यांजवळ! तो फायटोसॉर. त्याचा वंश सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी बुडाला. आजच्या मगरी त्याच्या लेकी नव्हेत. नाते दूरच्या भाऊबंदकीचे. धंदा एक, म्हणून रूपही एकसारखे झाले.

फायटोसॉर म्हणजे ‘वनस्पती-सरडा’. १८२८ साली जर्मनीत येगर ह्या पंडितांनी हे नाव ठेवले. दातांच्या खळग्यांत भरून दगड झालेला चिखल त्यांना पाला चावणारे बोथट दात वाटला!

आपल्या शेजारी, आजच्या तेलंगणात, मालेरी गावाजवळच्या तांबड्या थरांतही ह्याच कुळाची हाडे सापडतात. तिथले अवशेष प्रथम उजेडात आणले ते नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी. ते १८६३ साली वारले. पुढे १८७० मध्ये हक्सले ह्यांनी प्राण्याला ‘पॅरासुकस हिस्लोपी’ हे नाव देऊन त्यांची आठवण राखली. मग १९७८ साली शंकर चटर्जी ह्यांनी तिथल्याच जवळजवळ अखंड सांगाड्यांचे वर्णन केले. त्यांच्या पोटाच्या जागी काय मिळाले? लहान सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे!

चूक कळली, तरी नाव तेच राहिले. म्हणून गुरुजी, मुलांकडून नाव पाठ करून घ्याल, तेव्हा एवढेही विचारा : बाळांनो, हे नाव पडले कशावरून?