साष्टी : सत्तांतरांचे बेट

साष्टी हे उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील सर्वांत मोठे बेट. त्याच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र आहे. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, भाईंदर, मुलुंड आणि ठाणे ही सारी गावे या बेटावरची. नाव सहासष्ट गावांवरून पडले. गोव्यातील सासष्टी तालुका वेगळा.

भूमध्य समुद्रातील सिसिलीवर जसे ग्रीक, रोमन, अरब, नॉर्मन आणि स्पॅनिश एकामागून एक आले, तशीच साष्टीवर दोन हजार वर्षे सत्तांची ये-जा चालू राहिली. बेट हाती आले की भातशेतीचा सारा आणि मिठागरांचे उत्पन्न मिळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोपारा आणि कल्याण या बंदरांकडे जाणाऱ्या खाड्यांवर पहारा ठेवता येई. खाड्या ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती उत्तर कोकणचा व्यापार, हे समीकरण रेल्वे येईपर्यंत टिकले.

बेटाच्या प्राचीन इतिहासाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे मध्यभागच्या डोंगरातील कान्हेरी लेणी. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा वास होता. शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरात आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. लेण्यांच्या दाराशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी पोढी खोदवल्या, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी रकमा कायम ठेवी म्हणून गुंतवल्या, शेते दान दिली. राजे येत-जात असताना विहार इतकी शतके चालला तो प्रामुख्याने या व्यापाऱ्यांच्या पैशावर. नवव्या शतकातील लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचा कोकणातील मांडलिक, शिलाहार कपर्दी, यांची नावे येतात. सन १००९ आणि १०२१ मध्ये झरतुष्ट्री धर्मीय पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे ९० क्रमांकाच्या लेण्यात कोरली. एका बौद्ध विहारात दुसऱ्या धर्माच्या पाहुण्यांनी इतक्या निर्धास्तपणे नावे कोरावीत, यावरून त्या काळच्या उत्तर कोकणातील मोकळिकीची कल्पना येते.

शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे. त्यांची सत्ता तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी संपवली. महादेव यादवाने शिलाहार सोमेश्वराशी समुद्रावर लढाई दिली आणि त्यात सोमेश्वर बुडाला, असे यादवांच्या बाजूचे वृत्त आहे. बोरिवलीजवळ एकसर गावातील वीरगळ अनेक अभ्यासक याच लढाईशी जोडतात. काहींच्या मते ते आणखी जुने आहेत. त्यांवर खालच्या पट्ट्यात उंच नाळेची गलबते आणि वल्ह्यांच्या रांगा कोरल्या आहेत, मधल्या भागात झुंज आणि वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. जमिनीवरच्या लढाईत पडलेल्यांचे वीरगळ महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, पण आरमारी लढाईचे असे कोरीव चित्रण फार दुर्मीळ. महाराष्ट्राच्या आरमारी इतिहासात या दगडांना मिळायला हवे तितके मोल अजून मिळालेले नाही.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानांचा अंमल ठाण्यापर्यंत आला आणि पुढे बेट गुजरातच्या सुलतानांकडे गेले. बहमनी फौजेने ते घेतले, गुजरातने परत मिळवले. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबतची बेटे पोर्तुगीजांना दिली. मोगल बादशहा हुमायूनच्या स्वारीचे सावट असल्याने त्याला पोर्तुगीजांची मैत्री हवी होती.

पुढची दोनशे वर्षे पोर्तुगीजांची. या काळाची खूण सर्वांत ठळकपणे दिसते ती बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शैव लेणे. आत नटराज आणि शिवाची अन्य शिल्पे आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्याचे चर्च केले आणि वर मठ व विद्यालय उभारले. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो, आणि माथ्यावर मठाच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. सिसिलीतील सिराक्यूज शहराच्या कॅथेड्रलमध्ये अथेना देवीच्या ग्रीक मंदिराचे खांब भिंतीत तसेच राहिले, त्याच जातीचे हे उदाहरण. जेत्याने आपले प्रार्थनास्थळ जुन्याच जागी बांधावे, हे दोन्हीकडे सारखेच घडले. वांद्र्याच्या टोकाला १६४० मध्ये किल्ला झाला. वांद्रे, मरोळ, ठाणे परिसरात चर्चे उभी राहिली. देवळांवर बंदी आली, धर्मांतरे झाली, जमिनी पोर्तुगीज जमीनदारांत वाटल्या गेल्या.

या जाचाला कंटाळून अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक पुढाऱ्यांनी पेशव्यांकडे धाव घेतली. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाणे घेतले. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये सुरू केलेले किल्ल्याचे काम तेव्हा अपुरेच होते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि साष्टीवरील मराठ्यांचा अंमल पक्का झाला. मंडपेश्वरात पुन्हा पूजा सुरू झाली. १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी ठाण्याच्या कौपिनेश्वराचे देऊळ नव्याने बांधले.

मराठ्यांना बेट जेमतेम ३७ वर्षे लाभले. पेशवे नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात दुफळी माजली. पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी आवई उठताच मुंबईच्या इंग्रजांनी डिसेंबर १७७४ अखेर ठाण्याचा किल्ला हल्ला करून जिंकला. या चढाईत कमोडोर वॉटसन जबर जखमी होऊन मरण पावला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची इंग्रजांकडे गेली. किल्ल्याचा त्यांनी तुरुंग केला, तो तुरुंग आजही तिथेच आहे. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातील कैदेतून निसटले.

इंग्रजांनी बेटाचे बेटपण संपवले. मुंबई बेटाशी जोडणारी शीवची वाट १८०५ मध्ये आणि माहीमची १८४५ मध्ये झाली. माहीमच्या वाटेचा खर्च लेडी अवाबाई जीजीभॉय यांनी दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली. १८६० मध्ये विहारचा तलाव पुरा झाला आणि कान्हेरीच्या डोंगरउतारांवरचे पाणी मुंबई शहर पिऊ लागले. १९५० आणि १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली.

साष्टीची मूळ माणसे मात्र या उलथापालथींतून टिकली. कोळी, आगरी, भंडारी, वारली आणि धर्मांतरित ख्रिस्ती कुटुंबे जुन्या गावठाणांतून राहिली. या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. गोव्याहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्याचा हेतू त्यामागे होता. त्यांची घरची बोली मराठीच राहिली. लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी, स्त्रियांचे लुगडे, बाटलीत भरून ठेवायचा बाटली मसाला आणि ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन साजरा होणारा आगेरा हे सारे आजही वांद्रे, कुर्ला, गोराई, उत्तन येथील गावठाणांत चालू आहे.