कॉसमॉसचा १९७७ चा हंगाम : तक्ता आणि आख्यायिका

नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग ही व्यावसायिक फुटबॉलची स्पर्धा १९६८ ते १९८४ अशी सतरा वर्षे चालली. तिच्यातील सर्वांत गाजलेला संघ न्यूयॉर्क कॉसमॉस. या संघाचे लागोपाठचे दोन हंगाम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. १९७७ मध्ये साखळीतील २६ सामन्यांपैकी १५ जिंकले, ११ हरले आणि संघ आपल्या गटात दुसरा आला. १९७८ मध्ये ३० सामन्यांपैकी २४ जिंकले, अवघे ६ हरले आणि अंतिम सामनाही स्वतःच्याच मैदानावर जिंकला. (या स्पर्धेत बरोबरी मान्य नव्हती; १९७७ पासून बरोबरीतले सामने ३५ यार्डांवरून सुरू होणाऱ्या शूटआउटने निकालात काढले जात. म्हणून तक्त्यात केवळ जय आणि पराजय हे दोनच रकाने दिसतात.) विजेतेपद दोन्ही वर्षी मिळाले. आकड्यांच्या कसोटीवर १९७८ चा संघ निःसंशय सरस ठरतो. तरीही कॉसमॉसचा सुवर्णकाळ म्हटला की लोकस्मृतीत उभे राहते ते १९७७ हेच वर्ष. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर क्रीडेतिहासाचा वाटला, तरी इतिहास कसा सांगितला जातो याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडावा असे आम्हाला वाटते.

प्रथम पार्श्वभूमी. फुटबॉल या शब्दाने अमेरिकेत वेगळाच खेळ ओळखला जातो; आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तेथे सॉकर. लीगच्या आरंभी १९६८ मध्ये सतरा संघ होते, ते पुढच्याच वर्षी पाचांवर आले. अशा मरणपंथाला लागलेल्या स्पर्धेत अहमेत व नेसुही एर्तेगुन हे संगीतव्यवसायातील बंधू आणि वॉर्नर या मनोरंजन कंपनीचे प्रमुख स्टीव्ह रॉस यांच्या पुढाकाराने कॉसमॉसची स्थापना झाली. १९७१ हा त्यांचा पहिला हंगाम. ‘कॉस्मोपॉलिटन’ या शब्दाचा संक्षेप करून नाव घडवले गेले. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, कॉसमॉसने विजेतेपद मिळवले. सेंट लुईस स्टार्सविरुद्धचा तो अंतिम सामना त्यांनी २-१ असा जिंकला तेव्हा मैदानावर ६,१०२ प्रेक्षक होते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जून १९७५ मध्ये पेले आला. सांतोस या आपल्या ब्राझिली संघातून तो १९७४ मध्ये निवृत्त झाला होता. पस्तिशीला टेकलेला, तीन विश्वचषक जिंकलेला हा खेळाडू १५ जून १९७५ रोजी रँडल्स आयलंडवरील जीर्ण डाउनिंग स्टेडियममध्ये प्रथम खेळला. दूरचित्रवाणीवर मैदान हिरवे दिसावे म्हणून तेथील उघड्या मातीवर रंग मारण्यात आला होता, ही गोष्ट पुढे अनेकांनी सांगितली आहे. डॅलसविरुद्धचा तो सामना २-२ असा सुटला. रंगवलेल्या मातीवर खरा पेले खेळत होता, हे दृश्य या क्लबच्या साऱ्या चरित्राचे प्रतीक म्हणून वापरण्याचा मोह कोणालाही व्हावा. तो आवरावा असे आम्हाला वाटते, कारण प्रतीक हाती लागले की माणूस कारणांचा शोध थांबवतो.

१९७६ मध्ये लाझिओ क्लबचा इटालियन आघाडीपटू जॉर्जिओ किनाल्या दाखल झाला. १९७७ मध्ये बायर्न म्युनिकहून फ्रान्झ बेकेनबाउअर आला, तर हंगामाच्या मध्यावर १९७० च्या विश्वविजेत्या ब्राझील संघाचा कर्णधार कार्लोस अल्बेर्तो. त्याच वर्षी क्लबने हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतील ईस्ट रदरफर्ड येथील नव्या जायंट्स स्टेडियममध्ये बस्तान हलवले. न्यूयॉर्क शहराच्या दृष्टीने तो काळ मोठा कठीण होता. १९७५ मध्ये महानगराची तिजोरी दिवाळखोरीच्या काठावर पोहोचली होती. १३ जुलै १९७७ च्या रात्री वीज गेली आणि अंधारात दुकाने लुटली गेली. एका माथेफिरू खुन्याच्या दहशतीखाली शहराने तो उन्हाळा ऑगस्टमध्ये त्याला अटक होईपर्यंत काढला. अशा उन्हाळ्यात नदीपलीकडच्या मैदानावर गर्दी वाढू लागली. १९ जून रोजी टँपा बे राउडीजविरुद्ध ६२,३९४ प्रेक्षक जमले आणि पेलेने तीन गोल करून त्यांचे पारणे फेडले.

परंतु संघ म्हणून कॉसमॉसची घडी बसलेली नव्हती. मोठी नावे एकत्र आली म्हणजे मोठा संघ होतोच असे नाही, याचा प्रत्यय साखळीतील अकरा पराभवांनी दिला. जुलैमध्ये प्रशिक्षक गॉर्डन ब्रॅडली यांच्या जागी एडी फिर्मानी आले. फिर्मानी यांनी १९७५ मध्ये टँपा बेला विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांच्या गटात पहिला क्रमांक मिळवला तो फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सने. त्या संघाचा गोलरक्षक होता गॉर्डन बँक्स : १९७० च्या विश्वचषकात पेलेचा हेडर अविश्वसनीय रीतीने अडवणारा आणि १९७२ च्या मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावलेला. एका डोळ्याने खेळूनही तो १९७७ मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. त्या हंगामावर एखादी कादंबरी लिहायची झाली, तर आम्ही कदाचित बँक्सलाच नायक करू.

बाद फेरीत चित्र पालटले. १४ ऑगस्टला जायंट्स स्टेडियमवर याच फोर्ट लॉडरडेलला कॉसमॉसने ८-३ असे हरवले. त्या दिवशीची प्रेक्षकसंख्या ७७,६९१ होती. अमेरिकेतील सॉकरच्या सामन्याला तोवर एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. दुसरी लढत शूटआउटवर जिंकून आणि पुढे रॉचेस्टर लान्सर्सना नमवून संघ अंतिम फेरीत गेला. २८ ऑगस्टला ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे सिअॅटल साउंडर्सविरुद्ध तो सामना झाला. साउंडर्सचा गोलरक्षक टोनी चर्स्की याने चेंडू हातात घेतला आणि लाथाडण्यापूर्वी तो जमिनीवर घरंगळत सोडला. मागे प्रतिस्पर्धी उभा आहे याची त्याला कल्पना नव्हती. स्टीव्ह हंटने चेंडू हिसकावून गोल केला. सिअॅटलने बरोबरी साधली. मग याच हंटने दिलेल्या पासवर किनाल्याने हेडरने निर्णायक गोल नोंदवला. २-१. अॅस्टन व्हिलाच्या राखीव फळीतून आलेला, एकवीस वर्षांचा, जगाला अपरिचित असा हा इंग्रज तरुण त्या सामन्याचा मानकरी ठरला. पेलेने गोल केला नाही.

मात्र कथेला पेलेचा निरोप हवा होता. विजेतेपदानंतर संघ आशियाच्या दौऱ्यावर निघाला आणि २४ सप्टेंबरला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला. पावसाने मैदान निसरडे झाले होते. मोहन बागानकडून मोहम्मद हबीब आणि श्याम थापा यांनी गोल केले. गौतम सरकारने पेलेला मोकळीक दिली नाही. कॉसमॉसला बरोबरी साधता आली ती किनाल्याच्या पेनल्टीवर. सामना २-२ असा सुटला. १८८९ मध्ये स्थापन झालेला आणि १९११ मध्ये ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा हा क्लब. त्याने त्याच हंगामात शील्ड, ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक असे तिन्ही जिंकले. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रंगाशी बांधलेला प्रेक्षक आणि एका नावासाठी धावून आलेला प्रेक्षक यांतील फरक त्या सामन्यात प्रकर्षाने दिसतो. ईडन गार्डन्सवरील माणसे पेलेला पाहायला आली होती हे खरेच. पण पेले विमानात बसल्यावरही त्यांचा क्लब त्यांच्यापाशी राहणार होता.

१ ऑक्टोबर १९७७ रोजी भर पावसात जायंट्स स्टेडियमवर निरोपाचा सामना झाला. पूर्वार्धात पेले कॉसमॉसकडून खेळला आणि फ्री किकवर गोल केला. उत्तरार्धात सांतोसचा पोशाख चढवून जुन्या संघाकडून खेळला. आपल्याबरोबर ‘लव्ह’ हा शब्द तीनदा उच्चारा, अशी विनंती त्याने प्रेक्षकांना केली.

१९७७ स्मृतीत का राहिले याचे उत्तर येथे सापडते. त्या वर्षाला शेवट आहे. म्हातारा होऊ घातलेला राजा, दिवाळखोर नगरी, अडखळती वाटचाल, अखेरचा विजय आणि पावसातला निरोप, असा घाट त्या वर्षाने आयता पुरवला. १९७८ जवळ चोवीस विजय होते; घाट नव्हता. लोकस्मृती संख्येपेक्षा घाटाला बिलगते, हे आख्यानपरंपरेच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको.

परंतु हा घाट एक असत्यही पसरवतो. पेले गेला आणि गर्दी ओसरली, लीग बुडाली, अशी सोपी कार्यकारणसाखळी त्यातून आपोआप तयार होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९७७ मध्ये कॉसमॉसच्या घरच्या सामन्यांना सरासरी ३४ हजारांवर प्रेक्षक येत. पेले गेल्यावर, १९७८ मध्ये, ही सरासरी ४७ हजारांच्या पुढे गेली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला ७४,९०१ लोक होते. राजा गेल्यावर नगरी अधिकच गजबजली.

मग लीग का बुडाली? आमच्या मते उत्तर त्या ७७,६९१ या आकड्याच्या वाचनात आहे. एका मैदानावरील गर्दी साऱ्या देशाची गर्दी समजली गेली. १९७७ मध्ये संपूर्ण लीगची सरासरी प्रेक्षकसंख्या साडेतेरा हजारांच्या आसपासच होती. तरीही १९७८ मध्ये संघ अठरांवरून चोवीसांवर नेले गेले आणि वॉर्नरसारखा खजिना पाठीशी नसलेल्या क्लबांनी कॉसमॉसच्या तोडीची नावे विकत घेण्याची शर्यत सुरू केली. १९७९ पासून राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर सामने आले, ते दोन हंगामांतच थांबले. संघ एकामागून एक बंद पडले; १९८४ मध्ये नऊ उरले. त्याच सुमारास अटारी या आपल्या व्हिडिओ खेळांच्या कंपनीमुळे वॉर्नर प्रचंड तोट्यात गेली आणि कॉसमॉसचा आधार गेला. १९८५ चा हंगाम झालाच नाही. म्हणजे जे वर्ष लीगचे शिखर म्हणून गौरवले जाते, त्याच वर्षाच्या चुकीच्या वाचनाने तिचा ऱ्हास सुरू झाला.

आपल्या वाङ्मयेतिहासाला यातून काही विचारता येईल. आपणही युगे पाडतो ती नावांनी : फडके-खांडेकरांचा काळ, मर्ढेकरांचे युग. या नावांचे मोठेपण निर्विवाद आहे, जसे पेलेचे आहे. पण त्या काळी किती गावांत ग्रंथालये होती, पुस्तकाची आवृत्ती किती प्रतींची निघे, मासिके कोणाच्या पदरमोडीवर चालत, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. एखाद्या कवीच्या नावावर भरलेले सभागृह पाहून भाषेचा वाचक वाढला असे आपण समजतो, तेव्हा आपणही ७७,६९१ चे वाचन चुकवत असतो. आणि ६,१०२ लोकांसमोर मिळालेले १९७२ चे विजेतेपद जसे कोणालाच आठवत नाही, तसे थोड्या वाचकांपुढे निघालेले एखादे चांगले नियतकालिक आपल्या इतिहासाच्या तळटीपेतही येत नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला, १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. तिने पहिली बारा-पंधरा वर्षे वेतनावर कडक मर्यादा ठेवून, हळूहळू संघ वाढवत आणि सॉकरपुरती बेताची मैदाने बांधत काढली. जुन्या लीगचा तक्ता कोणीतरी नीट वाचला होता, असे या सावधपणावरून वाटते. जायंट्स स्टेडियम २०१० मध्ये पाडले गेले. शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या मैदानाची निवड २०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी झाली. किनाल्या २०१२ मध्ये गेला, कार्लोस अल्बेर्तो २०१६ मध्ये, पेले २०२२ च्या डिसेंबरात आणि बेकेनबाउअर २०२४ च्या जानेवारीत. आख्यायिका तेवढी टिकली आहे आणि ती टिकावी असेच आम्हाला वाटते. ती सांगताना तक्ता मात्र हाताशी असावा.