रोजनिशीतला खडक आणि प्रतबंदीतली माती

रोजनिशीला वाङ्मय म्हणावे की नुसते साधन, हा प्रश्न आपण साहित्याचे लोक पुनःपुन्हा उगाळतो. विज्ञानाच्या इतिहासकारांनी तो बाजूला ठेवला आणि वह्या उघडल्या. भूशास्त्राच्या बाबतीत तर त्यांचा लाभ मोठा झाला. छापील शोधनिबंधात निरीक्षण आधी येते आणि अनुमान मागून. वहीत पुष्कळदा क्रम उलटा दिसतो : तर्क आधीच मनात घर करून असतो, खडक मागाहून भेटतो आणि कधी तर्काला जुमानतही नाही. मार्टिन रडविक यांनी १९८५ साली ‘द ग्रेट डेव्होनियन कॉन्ट्रोव्हर्सी’ या ग्रंथात १८३० च्या दशकातल्या एका वादाचा इतिहास लिहिला, तो क्षेत्रवह्या आणि खासगी पत्रे तारखांच्या क्रमाने लावून. पुढे काय ठरले हे मधल्या पानांवर कोणालाच ठाऊक नसते, आणि लेखकही ते आधी सांगून टाकत नाही. चार्ल्स लायेल यांच्या २९४ वह्या एडिंबरा विद्यापीठाने २०१९ मध्ये मिळवल्या, त्या याच मोलापायी.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर प्रथम आठवतात ते नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. १८४५ पासून नागपुरात राहिलेला हा स्कॉटिश मिशनरी. त्यांनी व रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या परिसरात काळ्या दगडाच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातले शंख-शिंपले शोधले. मांगलीच्या दगडात मिळालेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन १८५५ साली रिचर्ड ओवेन यांनी केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. मागे उरलेल्या त्यांच्या कागदांचे पुढे काय झाले, हे रोजनिशीच्या प्रत्येक अभ्यासकाने पाहण्यासारखे आहे. मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये त्यांतून आदिवासींविषयीचा मजकूर, गोंडी गीते आणि शब्दसंग्रह छापले. जॉर्ज स्मिथ यांनी १८८८ साली चरित्र लिहिले. त्याच्या नावात निसर्गाभ्यासक असला तरी मन गुंतले आहे ते मिशनऱ्यात. एकाच माणसाच्या लेखनातून प्रशासकाने एक हिस्लॉप काढला, चरित्रकाराने दुसरा. खडकापुढे उभा राहून गोंधळलेला तिसरा हिस्लॉप मात्र दोघांच्याही फारसा कामाचा नव्हता.

आणि तोच आपल्याला हवा आहे. जीवाश्मांचा थर आधी साचला, वरचा लाव्हा त्यावर पसरला आणि खालचा दगड नंतर आत घुसला, असे हिस्लॉप आणि हंटर यांचे मत होते. ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये ते खोडले : लाव्हाचे प्रवाह एकामागून एक आले आणि मधल्या विसाव्यात तळी साचली. आज हेच मान्य आहे. पण चुकलेले मत कोणत्या उतारावर, काय पाहून बनले हे निबंध सांगत नाही. निबंधात ते बनूनच येते.

पश्चिमेकडे, पुणे जिल्ह्यात, हाच काळा दगड कर्नल विल्यम साइक्स यांनी त्याआधी पाहिला होता. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमले. त्यांचा दख्खनवरील भूशास्त्रीय निबंध १८३६ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, उभ्या भिंतीसारखे बसाल्टचे पट्टे, तांबडी माती, गाठीगाठींचा चुनखडक, सगळे त्यात आहे. योगायोग असा की त्याच १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी भीमा-नीरेमधल्या इंदापूर तालुक्याची नवी जमाबंदी लावली. शेळगाव याच तालुक्यातले. त्या पद्धतीत, जी पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली, मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रती ठरत. खोली पावणेदोन हातांपर्यंत मोजत, आणि चुनखड, वाळूची भेसळ, उतार हे दोष प्रत्येकी वेगळ्या खुणेने नकाशाच्या चौकटीत मांडत. साहेबाच्या निबंधात जो खडकाचा एक प्रकार होता, तो कारकुनाच्या चौकटीत शेताचा दोष झाला आणि त्याने आकार उतरला.

प्रतबंदीच्या या नोंदींना रोजनिशी म्हणता येणार नाही, हे मला मान्य आहे. तिथे ‘मी’ नाही, शंका नाही, संध्याकाळचा थकवा नाही. पण आपल्या मातीपुढे रोज उभे राहून, तिला हात लावून लिहिलेले एतद्देशीयांचे त्या काळचे लेखन शोधायचे तर ते अशाच दप्तरांत मिळण्याची शक्यता अधिक. खाडाखोड तिथेही असणार : वरची प्रत लावून मागून उतरवलेली, कोणाच्या सांगण्यावरून कोण जाणे. रडविक यांची तारीखवार वाचण्याची रीत तिथे लावून पाहता येईल. त्यासाठी भूशास्त्रज्ञाआधी मोडी येणारा माणूस लागेल, आणि तो मराठीच्या विभागातूनही जाऊ शकतो.