स्मिथ तक्ता

स्मिथ तक्ता हा उच्च वारंवारतेच्या पारेषण वाहिन्यांमधील संरोधाचे, म्हणजेच इम्पिडन्सचे, आलेखीय विश्लेषण करण्यासाठी वापरला जाणारा वर्तुळाकार आलेख आहे. अमेरिकन अभियंता फिलिप हेगर स्मिथ यांच्या नावावरून तो ओळखला जातो. वाहिनीच्या टोकाला जोडलेल्या भारामुळे किती ऊर्जा परावर्तित होते, वाहिनीवरील कोणत्या बिंदूपाशी किती संरोध दिसतो आणि परावर्तन थांबविण्यासाठी कोठे काय जोडावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एकाच आलेखावरून मिळतात.

पार्श्वभूमी

वाहिनीची लांबी तरंगलांबीच्या तुलनेत नगण्य असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना दिसणारा संरोध जवळजवळ सारखाच असतो. भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे व त्या वारंवारतेची हवेतील तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. त्यामुळे गावोगावी गेलेल्या वीजवाहिन्यांच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. याउलट, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या एफएम प्रक्षेपणाची तरंगलांबी केवळ ३ मीटर असते. प्रक्षेपकापासून मनोऱ्यावरील अँटेनापर्यंत जाणारी केबल त्याहून कितीतरी लांब असते. अशा केबलमधून पुढे जाणारी व परत येणारी लहर एकमेकींत मिसळून स्थायी तरंग निर्माण होतात आणि केबलच्या प्रत्येक बिंदूवर संरोध वेगवेगळा दिसतो. तो गणिताने काढायचा तर संमिश्र संख्यांची आकडेमोड पुन:पुन्हा करावी लागते. गणकयंत्रे नसलेल्या काळात हे काम अत्यंत कष्टाचे होते.

इतिहास

स्मिथ यांचा जन्म १९०५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत काम करीत असताना अँटेनांना जोडलेल्या वाहिन्यांची मोजमापे करण्याच्या गरजेतून त्यांनी हा आलेख विकसित केला. त्यांचा पहिला लेख जानेवारी १९३९ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात प्रसिद्ध झाला व सुधारित आवृत्ती १९४४ साली आली. जपानमधील तोसाकु मिझुहाशी यांनी १९३७ मध्ये, तर सोव्हिएत संघातील अमिएल वोल्पर्ट यांनी १९३९ मध्ये स्वतंत्रपणे अशाच स्वरूपाचे आलेख मांडले होते. स्मिथ यांचे १९८७ साली निधन झाले.

रचना

तक्त्यावर नोंद करण्यापूर्वी भाराच्या संरोधाला वाहिनीच्या स्वाभाविक संरोधाने भागतात. यामुळे ५० ओहमची केबल असो वा ७५ ओहमची, तोच तक्ता चालतो. तक्त्याचे मूळ पटल परावर्तन गुणांकाचे असते. ऊर्जा स्वतः निर्माण न करणाऱ्या कोणत्याही भाराचा परावर्तन गुणांक १ पेक्षा अधिक नसल्यामुळे सर्व शक्य भार एकाच वर्तुळात मावतात. शून्यापासून अनंतापर्यंत पसरलेला संरोध एका कागदावर बसतो, हेच या रचनेचे मर्म होय.

* केंद्रबिंदू म्हणजे पूर्ण जुळणी. तेथे परावर्तन शून्य असते.
* आडव्या व्यासाचे डावे टोक लघुपथित, तर उजवे टोक खुली वाहिनी दर्शविते.
* समान रोधाची वर्तुळे उजव्या टोकाशी एकमेकांना स्पर्श करतात. भागाकारानंतरचा रोध र असल्यास वर्तुळाची त्रिज्या १/(१+र) असते.
* समान रिअ‍ॅक्टन्सचे कंस त्याच टोकापासून निघतात. वरचा अर्धा भाग इंडक्टन्सचा, तर खालचा कपॅसिटन्सचा असतो.
* बाहेरील कडेवर तरंगलांबीचे प्रमाण दिलेले असते. तक्त्यावरील एक पूर्ण फेरी म्हणजे वाहिनीवरील अर्धी तरंगलांबी. प्रक्षेपकाकडे सरकणे म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणे.

उदाहरण

५० ओहमच्या केबलला १०० ओहम रोध व त्यास एकसर ५० ओहमचा कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स असलेला अँटेना जोडला आहे असे मानू. ५० ने भागल्यावर संरोध २ – जे१ येतो. हा बिंदू तक्त्यावर मांडल्यास त्याचे केंद्रापासूनचे अंतर बाहेरील त्रिज्येच्या ०.४४७ पट भरते. या संख्येचा वर्ग ०.२ आहे, म्हणजे अँटेनाकडे गेलेल्या १०० वॅटपैकी २० वॅट परत फिरतात. स्थायी तरंगांचे गुणोत्तर सुमारे २.६ येते.

समांतर जोडणीसाठी संरोधाऐवजी त्याचा व्यस्त, म्हणजेच अ‍ॅडमिटन्स, घेणे सोयीचे असते. तो मिळविण्यासाठी केंद्रातून रेषा काढून समोरचा बिंदू वाचावा. येथे तो ०.४ + जे०.२ आहे. त्या बिंदूपासून प्रक्षेपकाच्या दिशेने तरंगलांबीचा आठवा भाग, म्हणजे ९० अंश, फिरल्यास १ + जे१ हा बिंदू मिळतो. आता केवळ जे१ एवढा भाग नाहीसा करावयाचा उरतो. तरंगलांबीच्या आठव्या भागाएवढा, टोकाशी लघुपथित केलेला केबलचा तुकडा त्या जागी समांतर जोडला, की त्याचा – जे१ हा अ‍ॅडमिटन्स ते काम करतो व बिंदू केंद्रावर येतो. पॉलिथिलीन भरलेल्या केबलमध्ये लहरीचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ०.६६ पट असल्याने १०० मेगाहर्ट्झला ही लांबी जवळपास २५ सेंटिमीटर होते.

मर्यादा

वरील जुळणी एकाच वारंवारतेला अचूक असते. वारंवारता दुप्पट केल्यास तोच तुकडा तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढा होतो व त्याचा परिणाम शून्य होतो. तसेच, केबलमध्ये ऊर्जेचा ऱ्हास होत असेल तर बिंदू वर्तुळावर न फिरता केंद्राकडे आत वळत जातो. म्हणून लांब व जुन्या केबलच्या खालच्या टोकाला घेतलेले मोजमाप समाधानकारक दिसले, तरी वरचा अँटेना सदोष असू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेलगत, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. आकाशातून येणारे संकेत अतिक्षीण असल्याने अशा ग्राहकांत पहिला प्रवर्धक अँटेनाच्या निकट ठेवावा लागतो. प्रवर्धकाला किमान गोंगाट होणारा संरोध व कमाल शक्ती देणारा संरोध सहसा एक नसतात. या दोहोंतील तडजोड अभियंते स्मिथ तक्त्यावर समान गोंगाटाची व समान लाभांशाची वर्तुळे काढून ठरवितात. श्रेणीवर्धनानंतर या दुर्बिणीचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असा आहे. एवढ्या रुंद पट्ट्यास एका तुकड्याची जुळणी पुरत नाही, हे वरील मर्यादेवरून स्पष्ट होते.

अहिल्यानगर येथील आकाशवाणीसारख्या एफएम केंद्रांतही परत येणाऱ्या शक्तीवर लक्ष ठेवावे लागते. ती मर्यादेबाहेर गेल्यास प्रक्षेपकाच्या अखेरच्या टप्प्याला इजा पोहोचू शकते.

आजचा वापर

आकडेमोड आता संगणक करतो. तथापि व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर या मापनयंत्राच्या पडद्यावर निष्कर्ष स्मिथ तक्त्याच्या रूपातही दाखविले जातात. अणुविद्युत व दूरसंचार अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो कंपास व पट्टी घेऊन सोडवावयास शिकवितात. कारण आकडा केवळ जुळणी बिघडल्याचे सांगतो. बिंदू कोणत्या बाजूला सरकला आहे, हे तक्ता दाखवितो, आणि त्यावरूनच दुरुस्तीची दिशा ठरते.