तरंगफलन आणि कारक : पुंजयामिकीच्या जडणघडणीचा ऐतिहासिक मागोवा (१९२५–१९३२)

प्रस्तावना :

पदवीच्या अखेरच्या वर्षात पुंजयामिकी शिकविताना प्रारंभीच काही गृहीतके फळ्यावर लिहिली जातात. प्रत्येक प्रणालीचे एक तरंगफलन असते. मोजता येणाऱ्या प्रत्येक राशीला एक कारक, म्हणजेच ऑपरेटर असतो. तरंगफलनाच्या निरपेक्ष मूल्याचा वर्ग संभाव्यता दर्शवितो. संवेगाच्या जागी अवकलनाचा कारक ठेवावा, असे सांगितले जाते आणि उदाहरणे सुटू लागतात. परंतु एका भौतिक राशीच्या जागी गणिती क्रिया का ठेवायची, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला 'ते गृहीतक आहे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन होय. आज एकत्र सांगितली जाणारी ही गृहीतके सुमारे सात वर्षांच्या कालावधीत, भिन्न व्यक्तींकडून आणि आजच्या पाठ्यपुस्तकांहून निराळ्या क्रमाने आली.

१. राशींच्या जागी आव्यूह :

जून १९२५ मध्ये परागज्वराने त्रस्त झालेले वेर्नर हायझेनबर्ग हेल्गोलँड बेटावर गेले होते. इलेक्ट्रॉनची कक्षा कोणालाही दिसत नाही. दिसतात त्या वर्णपटातील रेषा, त्यांची वारंवारता आणि तीव्रता. तेव्हा सिद्धांतात केवळ निरीक्षणक्षम राशींनाच स्थान असावे, असे त्यांनी ठरविले. वर्णपटातील प्रत्येक रेषा अणूच्या दोन अवस्थांशी निगडित असते. त्यामुळे स्थानासारखी राशी एका संख्येने न दर्शविता दोन निर्देशांकांच्या कोष्टकाने दर्शवावी लागली. अशा कोष्टकांच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलते. हायझेनबर्ग यांना ही अडचण वाटली. गॉटिंगेन येथील माक्स बॉर्न यांनी मात्र हा आव्यूहांचा, म्हणजेच मॅट्रिक्सचा गुणाकार असल्याचे ओळखले. बॉर्न आणि पास्क्वाल जॉर्डन यांनी त्याच वर्षी दाखविले की, स्थान व संवेग यांच्या दोन क्रमांतील गुणाकारांमधील फरक शून्य नसून प्लांकच्या स्थिरांकाने ठरतो. हेच सूत्र पुढे बॉर्न यांच्या समाधिशिलेवर कोरले गेले. या टप्प्यावर तरंगफलनाचा मागमूसही नव्हता, ही बाब लक्षणीय आहे.

२. तरंगसमीकरण :

द ब्रॉग्ली यांनी १९२४ च्या प्रबंधात द्रव्यकणांशी तरंग निगडित असल्याचे मांडले होते. त्या सूत्राचा विस्तार करून झुरिक येथील एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ च्या पूर्वार्धात चार निबंधांची मालिका लिहिली. तारेच्या कंपनांत जशा ठरावीक वारंवारताच संभवतात, तशाच हायड्रोजन अणूच्या ठरावीक ऊर्जा या समीकरणातून आपोआप निष्पन्न होत होत्या. अवकल समीकरणे भौतिकीच्या अभ्यासकांना परिचित असल्याने या पद्धतीचे स्वागत झाले. पाउली यांनी आव्यूहांच्या साहाय्याने हायड्रोजनचे गणित सोडविले होते. पण ती वाट खडतर होती.

३. दोन वाटांमधील पूल :

एकाच वर्णपटाचे अचूक उत्तर देणाऱ्या, पण बाह्यतः कोणतेही साम्य नसलेल्या या दोन पद्धतींचा परस्परसंबंध श्रोडिंगर यांनी मार्च १९२६ मध्ये दाखविला, आणि येथेच कारकाचे मर्म उलगडते. एखाद्या फलनाला प्रथम स्थानाने गुणून नंतर त्याचे अवकलन केले, तर गुणाकाराच्या नियमानुसार एक जादा पद येते. आधी अवकलन आणि नंतर गुणन केले, तर ते पद येत नाही. दोन्ही उत्तरांतील फरक म्हणजे मूळ फलनच! म्हणून संवेगाच्या जागी योग्य स्थिरांकासह अवकलन ठेवले की बॉर्न–जॉर्डन यांचे सूत्र आपोआप पाळले जाते. वर्गात आदेशासारखा वाटणारा नियम मूलतः ही गरज भागविण्यासाठी आला होता.

श्रोडिंगर यांच्या मालिकेपूर्वीच, १९२५–२६ च्या हिवाळ्यात, बॉर्न आणि नॉर्बर्ट वीनर यांनी अमेरिकेत आव्यूहांऐवजी कारक वापरण्याची कल्पना मांडली होती. कालाविषयीचे अवकलन ऊर्जेशी जोडण्यापर्यंत ते पोहोचले. स्थानाविषयीचे अवकलन संवेगाशी जोडण्याचे पाऊल मात्र राहून गेले. बॉर्न यांना पुढे याची खंत वाटत राहिली.

४. समीकरण आधी, अर्थ नंतर :

तरंगफलनाचे समीकरण हाती आले, तरी ते नेमके कशाचे तरंग आहेत हे अनिर्णितच होते. इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भार अवकाशात पसरलेला असतो, असा श्रोडिंगर यांचा कल होता. परंतु दोन इलेक्ट्रॉनांसाठी हे फलन आपल्या त्रिमित अवकाशात न राहता सहा मितींच्या गणिती अवकाशात जाते. शिवाय समीकरणात काल्पनिक संख्या येत होती. जून १९२६ मध्ये लोरेंट्झ यांना लिहिलेल्या पत्रात श्रोडिंगर यांनी याविषयी नापसंती व्यक्त करून तरंगफलन मुळात वास्तव असावे, असे मत मांडले होते.

त्याच महिन्यात बॉर्न अणूवर आदळून विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे गणित करीत होते. कोणत्या दिशेला किती संभाव्यतेने इलेक्ट्रॉन जाईल, एवढेच तरंगफलन सांगते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. संभाव्यता तरंगफलनाच्या वर्गाशी प्रमाणित असते, ही दुरुस्ती तर मुद्रितशोधनाच्या वेळी तळटीपेत जोडली गेली. या कार्यासाठी बॉर्न यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५४ मध्ये. आईन्स्टाईन यांनी डिसेंबर १९२६ मध्येच बॉर्न यांना पत्राने आपली असहमती कळविली होती.

५. समारोप :

डिरॅक यांच्या १९३० च्या आणि योहान फॉन नॉयमन यांच्या १९३२ च्या ग्रंथांनी या विखुरलेल्या कल्पनांना सुसंगत मांडणी दिली. हिल्बर्ट अवकाशाच्या चौकटीत आव्यूह व तरंग ही एकाच रचनेची दोन रूपे ठरली. आजची गृहीतके या अखेरच्या टप्प्यावरून घेतलेली असल्याने त्यांमागील वाटचाल झाकली जाते.

या वाटचालीतून अध्यापकास एक उपयुक्त भेद हाती लागतो. राशींच्या गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असणे ही वर्णपटाचा अर्थ लावताना निर्माण झालेली निकड होती. संवेगाचे अवकलनरूप हे त्या निकडीचे सोयीचे गणिती रूप. तर संभाव्यतेचा नियम हा समीकरणाला दिलेला अर्थ. या नियमाची भाकिते प्रयोगांनी वारंवार पडताळली गेली, तरी मापनाच्या क्षणी काय घडते यावर अद्याप एकमत नाही. ही तिन्ही विधाने एकाच सुरात सांगितली, तर विद्यार्थी गणिते सोडवील. पण प्रश्न कोठे विचारायचा हे त्याला कळणार नाही. कारकाच्या व्याख्येपूर्वी १९२५ मधील कोष्टकांची हकिकत दहा मिनिटे सांगितली, तरी हा दोष बऱ्याच अंशी दूर होऊ शकेल.