पत्रादेवी, कागदोपत्री

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर किती सत्याग्रही मारले गेले, याचा एकच एक आकडा सांगता येत नाही. नोंदी २१ ते ३० यांच्या दरम्यान हिंडतात. हद्द ओलांडणारे कुठे तीन हजार आहेत, कुठे पाच हजार. यात नवल नाही. हद्दीच्या आत पडलेला माणूस पोर्तुगीज पोलिसांच्या ताब्यात, बाहेर आणलेला जखमी भारतीय डॉक्टरांच्या. मोजणारेच दोन, आणि त्यांच्यातली बोलणी तुटलेली. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात आठवडाभर आधी, ८ ऑगस्टलाच बंद झाली होती.

मृतांमधले सर्वांत ठळक नाव कर्नैलसिंग बेनिपाल यांचे. लुधियाना जिल्ह्यातल्या ईसरूचा हा तरुण पेडणे महालात, पत्रादेवीला गोळी लागून पडला. सागरहून आलेल्या सहोदराबाई राय हातात तिरंगा घेऊन चालत होत्या. त्यांनाही गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि १९५७ साली लोकसभेवर निवडून आल्या. त्यांना वाचवायला कर्नैलसिंग पुढे झाले, असे सांगतात. ही हकीकत आठवणींतून आलेली आहे, म्हणून ती आठवण म्हणूनच सांगावी. खोटी मानायचे कारण नाही.

गोळी कुणी झाडली याबद्दल वाद नाही. वाद होता तो गोळी कुणावर झाडली याचा, आणि त्याची तयारी चार वर्षे आधी लिस्बनमध्ये झाली होती. ११ जून १९५१ च्या घटनादुरुस्तीने पोर्तुगालने आपल्या वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ करून टाकले. जमीन तीच, शिपाई तेच. पण आता पत्रादेवीची वेस ओलांडणारा माणूस कागदावर थेट पोर्तुगालवर चाल करून येणारा परका ठरला. या नव्या भाषेला विरोध करणे हासुद्धा गुन्हा होता. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशाच्या एका मेजवानीत कुणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असे बोलून गेले. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी तिथल्या तिथे निषेध केला. तेवढ्यावरून त्यांना अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली.

पेडण्यात तर हे ‘परके’पण फारच विचित्र दिसते. हा महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. पत्रादेवीच्या पलीकडचे बांदे म्हणजे पेडणेकरांचे सोयरेधायरे. अर्थात ईसरूचा कर्नैलसिंग आणि सागरच्या सहोदराबाई हे कुणाचे सोयरे नव्हते, आणि पोर्तुगीज प्रचार नेमका त्यावर बोट ठेवत होता.

इथे भारतीय बाजूचे कागदही तितक्याच बारकाईने वाचायला हवेत. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोंसो आणि साथीदारांनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा लावला, तेव्हा भारत सरकार गोवेकरांखेरीज कुणाला हद्द ओलांडू देत नव्हते. वर्षभरात चित्र पालटले. पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने १८ मे १९५५ ला पहिली तुकडी धाडली, ती ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्यासह. गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सरकारने या तुकड्या पाठवल्या नाहीत आणि अडवल्याही नाहीत. १५ ऑगस्टनंतर मुंबईत हरताळाला हिंसक वळण लागले, १ सप्टेंबरला गोव्यातली भारतीय वकिलात बंद झाली, आणि त्यापाठोपाठ सरकारने सत्याग्रहींना हद्दीवरच रोखायचे ठरवले.

माझ्या मते ही अर्धवट मुभा हाच सर्वांत कमी चर्चिलेला प्रश्न आहे. मारणाऱ्यांचे पाप त्याने कणभरही हलके होत नाही. पण नि:शस्त्र माणसे बंदुकीसमोर जाणार हे दिल्लीला, पुण्याला, सगळ्यांनाच माहीत होते. अग्रलेखांनी ‘हुतात्मा’ हा शब्द वापरला आणि तो योग्यच होता. मात्र त्या शब्दानंतर पाठवणाऱ्यांना कुणी काही विचारू शकत नाही, ही त्याची सोयही होती.

सत्याग्रहाची वाट बंद झाल्यावर बंदुकीची उरली. आझाद गोमंतक दल तोवर रानात उतरलेच होते. त्याचा बाळा मापारी फेब्रुवारी १९५५ मध्येच पोलीस कोठडीत छळाने मेला होता. डिचोलीतल्या शिरगावच्या खाणीवर हल्ला झाला. मोहन रानडे बेती चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले ते थेट जानेवारी १९६९ मध्ये. पोर्तुगीज कागद या मंडळींना दहशतवादी म्हणतात, आपले कागद क्रांतिकारक. या काळात पोर्तुगीज नोकरीतले गोवेकरही मारले गेले. त्यांच्या घरच्यांना यातला कोणता शब्द पटला असेल, हे दोन्ही दप्तरांत सापडत नाही. पी. पी. शिरोडकर यांनी संपादित केलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश गोवा गॅझेटियर खात्याने १९८६ साली काढला. त्यात नाव, पक्ष, अटक, शिक्षा अशी शिस्तीत नोंद आहे. शिक्षा भोगणाऱ्यांचा हिशेब आपण नीट ठेवला.

शिक्षा देणाऱ्यांचा मात्र ठेवला गेला नाही. १५ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांनी ठराव १५४२ करून गोव्याला परतंत्र प्रदेशांच्या यादीत घातले आणि ‘प्रांत’ ही भाषा निकालात निघाली. पत्रादेवीला गोळी झाडायचा हुकूम कुणी दिला, हा प्रश्न त्या ठरावाच्या कक्षेत नव्हता. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय लष्कराने गोवा घेतला तेव्हा पकडलेले सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक पुढच्या मे महिन्यात मायदेशी पाठवले गेले.

गोव्याच्या तुरुंगातून सुटलेल्या लोकांच्या आठवणींत एक नाव पुन:पुन्हा येते, पोलीस अधिकारी कासिमिरो मोंतेरो. पुढे तो पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांत गेला. १९८१ साली लिस्बनच्या लष्करी न्यायालयाने त्याला गैरहजेरीत दोषी ठरवले. आरोप होता १९६५ साली स्पेनच्या हद्दीवर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे विरोधक जनरल हुंबेर्तो देल्गादो यांचा खून केल्याचा. मोंतेरो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होता, आणि तिथेच मेला.